गोरखनाथाचे नाणे

आमच्या एका सराफ स्नेह्यांच्या संग्रहात नेपाळचे एक सुवर्णनाणे आहे. १९७४ साली वन्यजीव रक्षणाच्या जागतिक मोहिमेला हातभार म्हणून अनेक देशांनी स्मरणार्थ नाणी पाडली. त्या मालिकेत नेपाळने काढलेले हे एक हजार रुपयांचे नाणे. वजन तेहतीस ग्रॅमहून थोडे अधिक, सोने नव्वद टक्के. एका बाजूस राजे बीरेंद्र, दुसऱ्या बाजूस एकशिंगी गेंडा. आदल्याच वर्षी चितवन हे राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले होते. शिकार आणि जंगलतोड यांमुळे तराईतील गेंड्यांची संख्या शंभराच्या आसपास येऊन ठेपली होती, म्हणून नाण्यावर गेंडा आला. २०२१ च्या गणनेत नेपाळात ७५२ गेंडे मोजले गेले. स्मरणार्थ काढलेले नाणे ज्याच्या स्मरणार्थ काढले तो प्राणी वाचला, असे भाग्य फार थोड्या नाण्यांच्या वाट्याला येते.

परंतु या नाण्याविषयी लिहावेसे वाटले ते गेंड्यामुळे नव्हे. ते हाती धरले की त्यावरील राजा आठवतो. १ जून २००१ च्या रात्री तो राजवाड्यातच गोळ्यांना बळी पडला. पुढे सात वर्षांत ते राज्यच राहिले नाही. नेपाळसारख्या देशाचा इतिहास सनावळ्यांत जितका सापडतो तितकाच त्याच्या नाण्यांत सापडतो, आणि शेजारी देशातील हिंदू समाजाने तो वाचण्याचे कष्ट फारसे घेतलेले नाहीत, ही आमची खंत आहे.

नेपाळच्या नाण्यांचा आरंभ लिच्छवी राजांपासून धरतात. सिंह आणि बैठी देवी अशी चिन्हे असलेली ‘मानांक’ नावाची तांब्याची नाणी पाचव्या शतकातील राजा मानदेवाची मानली जातात. त्यानंतर अंशुवर्म्याची नाणी, पशुपतीचे नाव आणि नंदी धारण करणारी नाणी अशी परंपरा दिसते. मधली काही शतके नाणी जवळजवळ नाहीशी होतात. या अंधाऱ्या काळाच्या तोंडाशी एक सुंदर आख्यायिका उभी आहे. भक्तपूरच्या राजाला ज्योतिषाने सांगितले की अमुक मुहूर्तावर काठमांडूच्या नदीसंगमावरील वाळू उचलली तर तिचे सोने होईल. राजाने हमाल धाडले. वाळूच्या भाऱ्यांनिशी ते परत निघाले तेव्हा शंखधर साख्वा नावाच्या एका व्यापाऱ्याला संशय आला की इतक्या दूरवरून कोणी नुसती वाळू नेणार नाही. त्याने हमालांची मनधरणी करून ते भारे आपल्या दारी रिकामे करवून घेतले. हमालांनी राजासाठी दुसरी वाळू भरून नेली, तोवर मुहूर्त टळला होता. राजाकडची वाळू वाळूच राहिली, शंखधराच्या घरी मात्र सोने झाले. त्या सोन्यातून त्याने राज्यातील सर्व प्रजेचे कर्ज फेडले आणि त्या दिवसापासून नवा शक सुरू झाला. तोच इसवी सन ८७९ मध्ये आरंभलेला नेपाळ संवत. राजाच्या विजयावरून वा राज्यारोहणावरून सुरू झालेले शक आपल्याला ठाऊक आहेत. सामान्य माणसाच्या कर्जमुक्तीवरून सुरू झालेला शक लोकस्मृतीने जपला तो नेपाळातच. १९९९ मध्ये नेपाळ सरकारने या शंखधराला राष्ट्रीय विभूतीचा मान दिला.

खरी चांदीची परंपरा सुरू झाली ती सोळाव्या शतकात, काठमांडूच्या महेंद्र मल्लापासून. त्याच्या नावावरूनच त्या नाण्याला ‘महेंद्रमल्ली’ म्हणत. काठमांडू, पाटण आणि भक्तपूर या तीन मल्ल राज्यांनी साडेपाच ग्रॅमच्या आसपास वजनाची चांदीची ‘मोहर’ पाडली आणि तिच्यावर शिल्पकाराच्या हाताने यंत्रे, त्रिशूळ, खड्ग आणि देवनागरी अक्षरे अशा नजाकतीने कोरली की नाणेसंग्राहक आजही ती शोधत फिरतात. याच मल्लांनी जवापेक्षाही हलकी नाणी पाडली. जयप्रकाश मल्लाचे पाव ‘जवा’चे नाणे दोन मिलिग्रॅमचे भरते. ते जगातील सर्वांत लहान नाणे मानले जाते. ते बाजारात वापरीत कसे असतील, याचे कोडे आम्हाला अजून सुटलेले नाही.

या मोहरेची खरी बाजारपेठ मात्र हिमालयापलीकडे होती. तिबेटची स्वतःची टांकसाळ नव्हती. ल्हासाचे व्यापारी नेपाळात चांदी पाठवीत आणि तितक्याच वजनाची नाणी नेत. नाण्यातील चांदी थोडी कमी, मिश्रण थोडे अधिक. जो फरक पडे तो मल्लांचा नफा. सतराव्या शतकाच्या मध्यास प्रताप मल्लाच्या काळात ही व्यवस्था पक्की झाली आणि पुढील शंभर वर्षे ल्हासाच्या बाजारात काठमांडूचे नाणे चालले. एका छोट्या हिंदू राज्याच्या टांकसाळीवर एक अख्खा देश विसंबून होता. तीन राज्यांच्या भाऊबंदकीत मात्र या विश्वासाची किंमत कोणाला राहिली नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत भक्तपूरचा रणजित मल्ल आणि काठमांडूचा जयप्रकाश मल्ल यांनी नाण्यांत तांब्याची बेसुमार भेसळ सुरू केली. लढाईचा खर्च भागवायला हा मार्ग त्या क्षणी सोपा वाटला असेल. खोटी नाणी डोंगर ओलांडून गेली आणि तिबेटच्या पेट्यांत साठून राहिली.

त्याच सुमारास गोरख्याचा पृथ्वीनारायण शाह पश्चिमेकडून पुढे सरकत होता. १७४४ मध्ये त्याने नुवाकोट घेतले आणि तिबेटच्या व्यापारी वाटेवर हात ठेवला. १७६८ मध्ये काठमांडू आणि १७६९ मध्ये भक्तपूर घेऊन त्याने आजच्या नेपाळाची उभारणी पुरी केली. आपले राज्य म्हणजे दोन धोंड्यांमधला कंद आहे, एका बाजूस चीन आणि दुसऱ्या बाजूस समुद्रापर्यंत पोहोचलेला इंग्रज, असे तो आपल्या उपदेशात सांगून गेला. परदेशी कापड वापरू नका, आपल्याकडील जडीबुटी बाहेर पाठवा आणि पैसा देशात आणा, असाही त्याचा आदेश होता. स्वदेशीच्या चळवळीला आपल्याकडे सव्वाशे वर्षे उशीर होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्याने पाडलेले नाणे हा आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू आहे. एका बाजूस चौकोनात राजाचे नाव आणि शालिवाहन शक. दुसऱ्या बाजूस मधोमध ‘श्री भवानी’ आणि भोवती आठ पाकळ्यांचे कमळ. प्रत्येक पाकळीत एक अक्षर. श्री, श्री, श्री, गो, र, ख, ना, थ. राजाच्या नावाआधी दोन ‘श्री’, गुरूच्या नावाआधी तीन. ज्या महाराष्ट्रात गोरखनाथांची परंपरा गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांकडे आली, ज्या महाराष्ट्राच्या राजाची कुलदेवता तुळजापूरची भवानी, त्या महाराष्ट्रातील वाचकाला हे नाणे परक्याचे कसे वाटावे? शालिवाहनाचा शक तर आपण आजही पंचांगात लिहितो. शाह राजांनी तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत नाण्यावर वागवला. विक्रम संवत त्यानंतर आला.

नाण्याच्या कसाबद्दलही असेच साम्य आहे. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर इंग्रज वकील ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन आला होता. इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे, असे त्यातील एक कलम होते. महाराजांनी हे कलम घालण्याचे कारण नाही, असे कळवले. कोणत्याही नाण्याला आपली मनाई नाही, पण ज्यात प्रजेचे नुकसान आहे ते नाणे घेण्याची सक्ती आपण प्रजेवर करू शकत नाही. वजनाने आणि कसाने इतर राजांच्या नाण्यांच्या तोडीचे असेल तर ते चालेल, असा त्या उत्तराचा आशय. शंभर वर्षांनी पृथ्वीनारायणाने तिबेटशी बोलताना हीच भूमिका घेतली. यापुढे शुद्ध चांदीची मोहर देऊ, जुन्या भेसळीच्या नाण्यांना मात्र त्यांच्यातील चांदीइतकीच किंमत मिळेल, असे त्याचे म्हणणे होते. तिबेटला हे मान्य नव्हते. खोटी नाणी त्यांनी खरी समजून घेतली होती, तेव्हा बुडीत त्यांच्याच माथी का? दोन्ही बाजूंना न्याय होता. चूक करणारे मल्ल राजे मात्र इतिहासजमा झाले होते.

पृथ्वीनारायण १७७५ मध्ये वारला, वाद राहिला. त्यात तिबेटहून येणाऱ्या मिठात माती मिसळल्याची तक्रार मिळाली. १७८८ मध्ये बहादुर शाहच्या कारभारात गोरखा सैन्य तिबेटात शिरले. केरुंगचा तह झाला, त्यातील खंडणी थकली, आणि १७९१ मध्ये गोरखे पुन्हा चालून गेले. या खेपेस त्यांनी शिगात्सेजवळील ताशीलुंपो हा मठ लुटला. आम्ही ही गोष्ट झाकून ठेवणार नाही. हिंदू सैन्याने बौद्ध मठ लुटावा यासारखे दुःखद काही नाही, आणि त्याची फळेही तशीच आली. पेकिंगच्या सम्राटाने सेनापती फुकांगान याला मोठ्या फौजेनिशी धाडले. १७९२ मध्ये ही फौज हिमालय ओलांडून काठमांडूपासून थोड्याच अंतरावर, बेत्रावतीच्या काठापर्यंत आली. गोरख्यांनी तेथे कडवा प्रतिकार केला, पण तह करावाच लागला. दर पाच वर्षांनी पेकिंगला नजराणा घेऊन वकील पाठवण्याचे नेपाळच्या गळ्यात पडले. तिबेटने स्वतःची नाणी पाडण्यास आरंभ केला आणि नेपाळची दीडशे वर्षांची टांकसाळ-मिरास संपली.

सर्वांत दूरगामी परिणाम तिबेटवर झाला. आपल्या रक्षणाकरिता आलेली ही फौज निघून गेली, तरी ल्हासातील चिनी अंबानांचे अधिकार १७९३ च्या सनदेने वाढले. चलन, सीमा, परराष्ट्र व्यवहार, इतकेच काय, लामांच्या अवतारांची निवड यांवरही पेकिंगने आपला हक्क सांगितला. आज बीजिंग दलाई लामांच्या उत्तराधिकाऱ्याविषयी ज्या सोन्याच्या कलशाचा दाखला देते, तो याच युद्धाच्या पाठीवर आला. चीन हिमालयाच्या माथ्यावर कसा आला याची चर्चा आपण १९५० पासून सुरू करतो. तिची एक मुळी भक्तपूरच्या टांकसाळीत, चांदीत मिसळलेल्या तांब्यात आहे.

राणांच्या शतकाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. नाण्यावर नाव शाहांचे, सत्ता राणांची, असा तो काळ. १९३२ मध्ये दोन मोहरांचा एक रुपया ठरला. १९३७ मध्ये नेपाळ बँक स्थापन झाली. १९४५ मध्ये देशाच्या पहिल्या कागदी नोटा आल्या. त्या छापल्या गेल्या होत्या आपल्या नाशिकच्या मुद्रणालयात. गोदाकाठी छापलेली नोट बागमतीकाठच्या बाजारात चालू लागली, ही बाब नाशिककरांनाही फारशी माहीत नसावी. तराईत मात्र भारतीय रुपयाच चाले. त्याला तेथे अजूनही ‘कंपनी रुपया’ म्हणणारी म्हातारी माणसे होती. सैन्यातील गोरख्यांचे निवृत्तिवेतन, धान्याचा बाजार, लग्नाचे सामान, सारे त्याच रुपयात.

१९५० च्या नोव्हेंबरात राजे त्रिभुवन राणांच्या कैदेतून निसटून भारतीय वकिलातीत आश्रयाला आले. राणांनी तीन वर्षांच्या ज्ञानेंद्र नावाच्या नातवाला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने मोहराही पाडल्या. दोन महिन्यांत डाव उलटला, त्रिभुवन परत आले, बाळराजाची नाणी संग्राहकांच्या पेटीत गेली. एक्कावन्न वर्षांनी, २००१ च्या हत्याकांडानंतर, तोच ज्ञानेंद्र पुन्हा गादीवर आला आणि त्याच्या नावाची नाणी पुन्हा टांकसाळीतून निघाली. दोन वेळा राजा झालेला आणि दोन्ही वेळा नाण्यावरून उतरलेला असा दुसरा राजा आमच्या माहितीत नाही.

१९५६ मध्ये नेपाळ राष्ट्र बँक स्थापन झाली. दोन चलनांच्या देशात एक चलन रुजवणे, हे तिच्यापुढील पहिले काम होते. १९६० मध्ये शंभर भारतीय रुपयांना एकशेसाठ नेपाळी असा दर बांधला गेला. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, तेव्हा राजे महेंद्रांच्या नेपाळने ते केले नाही. परिणामी दोन्ही रुपये जवळजवळ बरोबरीला आले. स्वाभिमानाला ते सुखावणारे असले तरी निर्यातीला झेपेना. दीड वर्षात नेपाळलाही अवमूल्यन करावे लागले आणि दर एकशेपस्तीस झाला. त्यानंतर वरखाली होत होत फेब्रुवारी १९९३ मध्ये तो पुन्हा एकशेसाठावर स्थिर झाला, तो आजपर्यंत. राजेशाही गेली, माओवादी आले, घटना बदलली, भूकंप झाला. हा दर तसूभर हलला नाही. भारतातून भाजी, इंधन, औषधे आणणाऱ्या नेपाळी व्यापाऱ्याला त्यामुळे उद्याचा भाव आज ठाऊक असतो. उलट बाजूही आहे. हा दर टिकवण्यासाठी नेपाळ राष्ट्र बँकेला डॉलर विकून भारतीय रुपये घ्यावे लागतात, आणि आपल्याकडील महागाई सीमा ओलांडून आपसूक तेथे पोहोचते.

याच राजे महेंद्रांना श्रीगुरुजींनी १९६५ च्या मकरसंक्रमण उत्सवाला नागपुरास येण्याचे निमंत्रण दिले होते. महेंद्रांनी ते स्वीकारलेही होते. प्रत्यक्ष येणे राजकीय कारणांमुळे घडले नाही. जगातील एकमेव हिंदू राष्ट्राचा राजा आणि संघाचे सरसंघचालक एका व्यासपीठावर येणे तेव्हाच्या दिल्लीला अडचणीचे वाटले. शेजाऱ्याशी असलेल्या आपल्या सर्वांत खोल नात्याचा संकोच बाळगण्याची ही वृत्ती आपल्याला पुढे बरीच महाग पडली आहे.

१८ मे २००६ रोजी नेपाळच्या संसदेने देश निधर्मी असल्याचे जाहीर केले. २८ मे २००८ रोजी राजेशाही संपली. पण नोटांनी ही बातमी आधीच दिली होती. २००७ मध्ये निघालेल्या नोटांच्या कागदात राजाचा जलछाप आधीपासून होता. नवा कागद येईपर्यंत थांबायचे नव्हते म्हणून त्या जागेवर लालीगुरासचे फूल छापून चेहरा झाकण्यात आला. नोट उजेडात धरली की फुलामागे राजा दिसे. चित्राच्या जागी सगरमाथा आला. चलनी नाण्यावरून राजाचे नाव उतरले तेव्हा पाकळ्यांतील गोरखनाथही उतरले. राजा राहावा की जाऊ द्यावा हा नेपाळी जनतेचा अधिकार. त्यात आम्ही बोलू इच्छित नाही. परंतु गोरखनाथ कोणा राजघराण्याची खाजगी मालमत्ता नव्हते, हे त्यांना उतरवणाऱ्यांच्या लक्षात आले नाही, किंवा आले म्हणूनच त्यांना उतरवले गेले. नेपाळी मनातून मात्र हे सारे इतके सहज पुसले जात नाही. दहा रुपयांच्या नोटेवर राजाची जागा घेतली ती चांगुनारायणाच्या गरुडारूढ विष्णूने.

दोष सारा काठमांडूचा म्हणून मोकळे होणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपण पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द केल्या. नेपाळातील घराघरांत, भारतात मजुरी करून परतलेल्यांच्या ट्रंकेत, निवृत्त गोरखा सैनिकांच्या गाठीला त्या नोटा होत्या. नेपाळ राष्ट्र बँकेकडेही होत्या. त्या बदलून देण्याचा प्रश्न बैठकांमागून बैठकांत रेंगाळला. रद्द करण्याचा निर्णय योग्य होता, असेच आम्ही तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणतो. पण आपले चलन ज्याने विश्वासाने घरात ठेवले त्या शेजाऱ्याला भेसळीच्या मोहरा घेऊन बसलेल्या तिबेटी व्यापाऱ्यासारखे वाटू देणे, हे कोणत्या राजनीतीत बसते? डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटा बाळगण्यावर बंदी घातली, तेव्हा आपल्याकडे आश्चर्य व्यक्त झाले. आश्चर्य वाटण्यासारखे त्यात काय होते?

२०२० मध्ये लिपुलेख, कालापानी आणि लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा नेपाळच्या संसदेने घटनेत घातला. हा दावा भारताला मान्य नाही आणि मान्य होण्याचे कारण नाही. पण नकाशा कागदावर राहिला नाही. मे २०२४ मध्ये तो शंभर रुपयांच्या नोटेवर छापण्याचा निर्णय नेपाळच्या मंत्रिमंडळाने घेतला. छपाईचे काम त्याच वर्षी चीनच्या सरकारी नोटछपाई महामंडळाला मिळाले आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती नोट व्यवहारात आली. कंत्राट सर्वांत कमी दर देणाऱ्यास मिळाले, असे काठमांडूतून सांगण्यात आले. तसे असेलही. नाशिकच्या छापखान्याची यंत्रे अजून चालू आहेत. त्या निविदेत भारतीय मुद्रणालय कोठे होते, याची चौकशी दिल्लीतील संबंधितांनी करावी, अशी आमची मागणी आहे. शेजाऱ्याच्या रोजच्या हाताळणीतील कागद कोण पुरवतो, हा नुसता दरपत्रकाचा विषय नसतो.

त्या शंभराच्या नोटेवर दर्शनी बाजूस सगरमाथा आहे, अशोकाचा लुंबिनीचा स्तंभ आहे आणि वादग्रस्त नकाशा आहे. पाठीमागे चितवनचा तोच एकशिंगी गेंडा आहे.